वाघमारे बाईंचं बोचकं

वाघमारे बाई मला पहिल्या भेटीत म्हणाल्या ते एवढंच, "उलटी बाजू दाव." आम्ही हैदराबादच्या विद्यानगरात नवीन होतो. समोरच्या इमारतीत शनिवारी दुपारी बायका शिवायला जमतात असं कळलं, म्हणून मी भरलेली उशीची खोळ घेऊन गेले होते. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला गेले होते. बाईंनी वरची फुलं पाहिलीच नाहीत. खोळ उलटी केली, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून ती वाचायला लागल्या.

"इथवर बरं चाललं होतं. इथून घाई हाय. कोण आलं होतं घरी?"

मी आठवून म्हटलं, "सासरे आले होते गावाहून."

"हाव, दिसायलंय," म्हणत त्यांनी सुईच्या टोकानं माझं अर्धं फूल उसवलं आणि खोळ माझ्या मांडीवर टाकली. मला असा राग आला, की पुन्हा इकडे फिरकायचं नाही असं मी जिना उतरताना ठरवलं. पुढच्या शनिवारी वेळेआधी जाऊन बसले.

बाई उंचीला कमी, अंगानं काटक. पदराला टाचण्या आणि ब्लाउजच्या खांद्याला कायम एक ओवलेली सुई, पांढऱ्या दोऱ्याची. त्या सुईपायी बाईंना कुणी मिठी मारत नसे. आनंद असो की दुःख, बायका लांबूनच त्यांचे हात धरायच्या. जामबागेतल्या एका जुन्या मुलींच्या शाळेत बाईंनी सगळी नोकरी शिवण शिकवण्यात काढली. मग शाळेत संगणक आले. त्यांना थंडगार बंद खोली हवी, म्हणून शिवणाचा वर्ग रिकामा केला आणि शिलाई मशिनी व्हरांड्यात नेऊन ठेवल्या. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचं असा नियम झाला. बाई म्हणायच्या, "माझ्या मशिनीपुढं कुणी कधी चप्पल काढली नाही बघ. मग कळलं, आता देव बदलले." चार महिन्यांत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि घरीच हा शनिवारचा वर्ग सुरू केला. त्यांचे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, ते तोवर वारले होते. एकुलती मुलगी सुजाता लग्न होऊन अमेरिकेत. तिचा नवरा सॉफ्टवेअरमधला. त्या वर्षांत हैदराबादेत दर दुसऱ्या घराचा जावई सॉफ्टवेअरमधलाच असायचा.

बाईंना एक खोड होती. आमच्या कोपऱ्यावर नरसय्याचं किराणा दुकान होतं. दिवेलागण झाली की तो सुई विकत नसे. तसं कुणीच विकत नाही, जुनी समजूत आहे. बाईंना दिवसभर वेळ असायचा, पण सुई आणायला त्या नेमक्या नरसय्यानं उदबत्ती लावल्यावर जायच्या.

"अम्मा, दिया लगाने के बाद सुई नै बेचते. घर में झगडा होता."

"झगडा तो सुबे की सुई से बी होता, नरसय्या. देओ."

बिचारा इकडे तिकडे बघायचा, सुयांचं पाकीट फळीच्या कडेला सरकवायचा आणि पाठ फिरवून उभा राहायचा. "मैं दिया नै अम्मा. आप लिए." बाई पाकीट उचलून नाणं ठेवून यायच्या. दोघांचं असं वर्षानुवर्षं चालू होतं, आणि मला वाटतं दोघांनाही त्यात मजा येत होती. अमावास्येला सुई धरू नये, शनिवारी नवं कापड कापू नये, गरोदर बाईनं ग्रहणात शिवू नये, यातलं एकही बाई मानत नसत. आमचा वर्गच शनिवारचा. कुणी काही बोललं की म्हणायच्या, "आमच्या बापानं देव सोडला तवा देवासोबत भुतंबी सोडली. उगं एक ठेवून दुसरं सोडलं नाही." घरात भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, खाली मेणबत्ती. बाकी लिंबू-मिरची, काळा दोरा, काही नाही.

पण एक गोष्ट होती, जी आमच्या वर्गात कुणी उघड बोलत नसे. सुजाताचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. दुसऱ्या खेपेला पाचवा लागल्यावर बाईंनी बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. आपल्याकडे मूल जन्माला यायच्या आधी त्याच्या कपड्याला सुई लावत नाहीत. जुनी मऊ कापडं नुसती जमवून ठेवायची, टाका घालायचा तो बारशाच्या आत, बाळ कुशीत आल्यावर. बाईंनी मुद्दाम आधी शिवलं. वर्गात आणलं, आम्हा प्रत्येकीला एकेक ओळ घालायला लावली, हात बसावा म्हणून. सातव्या महिन्यात तेही मूल गेलं. पुढच्या शनिवारी बाई नेहमीसारख्या सतरंजीवर येऊन बसल्या. कुठं बघावं ते आम्हाला कळेना. बाईंनी त्या दिवशी काजं शिकवली. शेवटी दोरा तोडताना एवढंच बोलल्या, "डॉक्टर म्हणाला, पिशवीचं तोंड सैल हाय. सुईचा काय संबंध त्यात?" आम्ही साऱ्या जणी म्हणालो, काहीच नाही बाई, काहीच नाही. जिन्यात आल्यावर जे बोललो ते वेगळंच होतं.

यानंतर दोन वर्षांनी आम्ही जहाजाच्या एका सहलीला गेलो, ती ही गोष्ट.

हिमायतनगरात पद्माक्का रेड्डींचं सुया, लोकर आणि रेशमाचं मोठं दुकान होतं. गोल चेहरा, मोठं कुंकू, बोलण्याचा झपाटा असा की गिऱ्हाईक एक दोरा घ्यायला जाई आणि स्वेटरची लोकर घेऊन येई. त्या दिवसांत कशाच्याही सहली निघायला लागल्या होत्या. पद्माक्कांनी मुंबईच्या एका प्रवास कंपनीशी जमवून टाकलं. शिवण, विणकाम, भरतकामाची हौस असलेल्या गावोगावच्या बायकांनी मुंबईहून जहाजात बसायचं, लक्षद्वीपच्या बाजूला जाऊन परतायचं, आणि सगळा वेळ जहाजाच्या हॉलमध्ये बसून एकमेकींकडून शिकायचं. बंगळुरूच्या गोधडीवाल्या, चेन्नईच्या क्रोशावाल्या, हैदराबादच्या आम्ही. बाईंनी सगळ्यांकडून मिळून एक गोधडी करून घ्यायची आणि शेवटच्या संध्याकाळी ती जहाजाच्या कप्तानाला भेट द्यायची, असं पद्माक्कांनी परस्पर ठरवून कळवूनही टाकलं.

बाईंना जायचं नव्हतं. सुजाताला पुन्हा दिवस गेले होते आणि सातवा चालू होता. बाईंचं अमेरिकेचं तिकीट नवव्या महिन्याचं होतं. पण सुजातानंच फोनवर हट्ट धरला, घरात एकटी बसून घड्याळ बघत राहशील, त्यापेक्षा जा. म्हणून बाई निघाल्या.

सिकंदराबादहून मुंबईच्या गाडीत त्या माझ्या समोर होत्या. सकाळी घाट उतरल्यावर त्यांनी पिशवीतून एक बोचकं काढून मांडीवर घेतलं. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेलं. आत यजमानांचा विरलेला पांढरा सदरा, बाईंच्या आईचं लुगडं, सुजाताचा शाळेतला पेटीकोट, असे तुकडे. दादरला जावयाची आई फलाटावर आली आणि आपल्या नवऱ्याच्या धोतराचा तुकडा देऊन गेली. दोन्ही घरची कापडं झाली. बाईंनी तो तुकडा आत घालून पुन्हा गाठ मारली.

"शिवणार नाही मी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सुजाता फोनवर बोलली. आई, या टायमाला आधी शिवू नको. मागच्या वेळचं कधी काढलं नव्हतं पोरीनं. एका शब्दानं नाही. आता एवढंच बोलली."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"डॉक्टरनं चौथ्यातच पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय. तसा घालतात म्हणे. बघ अंजू, सगळं एका टाक्यावर हाय. पायाला सूज हाय तिच्या, बीपी वाढायलंय. आणि मी निघाले जहाजात."

जहाजावर चढताना सगळ्यांच्या कात्र्या जमा करून घेतल्या. बंगळुरूच्या मिसेस राव गोल पात्याचे परदेशी कटर घेऊन आल्या होत्या, तेही गेले. त्यांनी बराच वेळ इंग्रजीत वाद घातला. बाई मजेत म्हणाल्या, "दातानं तोडू की दोरा. दात कुठं जमा करायलेत?" हसू मात्र तेवढ्यापुरतंच. केबिनमध्ये त्यांनी बोचकं उशीखाली ठेवलं आणि थेट फोनची जागा विचारायला गेल्या.

जहाजावरून अमेरिकेला फोन लागायचा तो उपग्रहावरून, आणि लागायचा कमीच. पहिले दोन दिवस लागलाच नाही. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी लागला, तर पलीकडे मशीन. जावयाचा आवाज, आम्ही घरी नाही, निरोप ठेवा. बाईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या हिशोबानं तिथं रात्र होती. रात्री दोघं घरी नाहीत, म्हणजे कुठं असतील?

"सिनेमाला गेले असतील," मी म्हटलं.

"सातव्यात? पाय सुजलेले असताना?"

 काउंटरवरचा माणूस म्हणाला, तासाभरानं पुन्हा बघू. खाली हॉलमध्ये गोधडीचं काम खोळंबलं होतं. बायकांनी आणलेलं कापड सगळं नवं, शोरूममधलं, खळीचं. चार थर झाले की सुई वाकायची. आदल्या दिवशी बाईंनीच पद्माक्कांना सुनावलं होतं, "नव्या कापडाची गोधडी म्हणजे पापडाची गोधडी. वापरलेलं, धुऊन धुऊन विरलेलं पाहिजे, सुई आपसूक जाती." पद्माक्का बघायला वर आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्या खोलीतून अंगुस्तान घ्या नि तुम्ही मांडून घ्या. मी आले." आणि पुन्हा त्या रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांच्यासोबत. जेवणाची वेळ झाली, गेली. फोन तीनदा लावला, तीनदा मशीन बोललं. चौथ्यांदा लाईनच गेली. बाईंच्या ओठांना कोरड पडली होती, पण पाणी आणलं तर म्हणाल्या, नक्को.

दुपार कलल्यावर मी त्यांना जवळजवळ ओढून खाली आणलं. म्हटलं, चला, हातात काम असलं की बरं वाटेल. हॉलच्या दारात आम्ही थांबलो. मधोमध चादर अंथरलेली, चारी बाजूंनी बायका बसलेल्या, आणि सगळ्यांच्या सुया सरसर चालल्या होत्या. चेन्नईच्या कुणी गुणगुणत होत्या. गोधडी कडेकडून आत शिवत येतात, ओळीवर ओळ, आणि त्या चांगल्या हातभर आत आल्या होत्या. बाईंचा चेहरा क्षणभर उजळला. "आता कसं चाललंय बघ," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सदरा पाहिला. एका कोपऱ्यात यजमानांचा पांढरा सदरा, त्याच्या शेजारी बंगळुरूचं लाल छापील, पलीकडे पेटीकोट, धोतर, आईचं लुगडं. सगळं बोचकं तिथं होतं, सुटलेलं, ठिकठिकाणी लावलेलं, आणि त्याच्यावरून पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी गेलेल्या.

पद्माक्का हसऱ्या चेहऱ्यानं उठल्या. "टीचरगारू, आपका सामान निकाल ली मैं. सही बोले आप, क्या मुलायम कपडा है! सुई तो पानी के वैसी जारी."

त्यांची काही चूक नव्हती हो. अंगुस्तान शोधायला उशी उचलली, खाली जुन्या मऊ कापडाचं गाठोडं दिसलं. बाईंनी ते आपल्यासाठीच आणलं असणार असं शिवणाऱ्या कुठल्याही बाईला वाटलं असतं. शिवण न येणाऱ्या बाईनं त्यातल्या चिंध्यांना हात लावला नसता. यांचेच हात शिवशिवले.

"थांबा," बाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण तो वर्गातला आवाज होता. सगळ्या सुया जागच्या जागी थांबल्या.

बाई चादरीवर गुडघे टेकून बसल्या. सदऱ्यावर हात ठेवला आणि बोटं टाक्यांवरून पुढे नेली, एक ओळ, दुसरी ओळ. मग मान वर न करता म्हणाल्या, "उसवायचंय."

"कौनसा पीस?" मिसेस रावांनी विचारलं.

"सगळं." गोधडीचा टाका सगळ्या थरांतून सलग जातो. मधला एक तुकडा तेवढा काढता येत नाही. चार तुकडे सोडवायचे तर सगळ्यांनी सकाळपासून घातलेली प्रत्येक ओळ काढावी लागणार होती. आणि सहा वाजता कप्तान फोटोवाल्याला घेऊन येणार होता.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, दुसरं कापड देतो. कुणी म्हणालं, तुमचं नाव लिहू गोधडीवर. पद्माक्का बाईंचा चेहरा बघून घाबरल्या होत्या, पण त्यांनी कप्तानाला शब्द दिलेला. "टीचरगारू, हुआ क्या? बोलो तो सही."

 मला वाटलं, आता या उठून निघून जातील. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"मेरी बेटी को सातवां है," त्या म्हणाल्या. "दो गए. ये उसके बच्चे का कपडा है. पैदा होने के पहले इसको सुई लगाना नै बोली वो मेरेकु."

पद्माक्कांनी हातातली सुई टाकली. तेलुगू बायका चूक कबूल करताना मारून घेतात तशा त्यांनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि मटकन खाली बसून जवळची ओळ उसवायला लागल्या. पण मिसेस राव उभ्याच होत्या. "पण तुम्ही टीचर आहात ना?" त्या हिंदीत म्हणाल्या. "काल तुम्हीच आम्हाला ते सुईवाल्या दुकानदाराचं सांगून हसवलंत. तुम्ही हे मानता?"

"मानती नै," बाई म्हणाल्या. "डर लगरा. दोनों अलग बातां हैं."

"आणि सुई तर लागून गेली. आता उसवून काय होणार?"

"मालूम है मेरेकु."

 मिसेस राव तडक हॉलबाहेर गेल्या. बाकीच्या हळूहळू बसल्या. कात्र्या नव्हत्याच, सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा, दोरा ओढायचा, पुढचा उचलायचा. थोड्या वेळानं मिसेस राव परत आल्या, हातात उसवायचं छोटं हत्यार, पहारेकऱ्यांपासून लपवलेलं. बाईंनी मान हलवली. "पातं नक्को." मिसेस रावांनी ते पर्समध्ये टाकलं, एक सुई घेतली आणि बसल्या. त्यांच्यासारखं उसवणं मी पुन्हा पाहिलं नाही. टाका कुठं होता ते मागून कळत नसे.

कुणी गुणगुणत नव्हतं. जहाज हलत होतं तेवढाच आवाज. मी बाईंच्या शेजारी सदऱ्याच्या बाजूला होते. उसवता उसवता माझ्या मनात एकदम आलं, की तिकडे सगळं एका टाक्यावर आहे, आणि इकडे आम्ही टाके काढतोय.  मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा हात हवेत थांबला होता. सुईच्या टोकावर एक टाका उचललेला, आणि तो ओढावा की नाही ते त्यांना कळत नव्हतं. त्यांच्याही मनात तेच आलं होतं. शिवलं म्हणून भीती होती, आता उसवलं म्हणूनही भीती.   मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, काहीतरी करा, ओढा नाहीतर सोडा.

"भीतीचं असंच असतं बघ," बाई हळूच म्हणाल्या. "एक ऐकलं की दुसरं सांगती." मग मोठा श्वास घेतला. "पोरगी शिवू नको बोलली. उसवू नको असं नाही बोलली. जेवढं ती बोलली तेवढं आपण करायचं." आणि टाका ओढला.

त्यानंतर त्यांचा हात एकदाही थांबला नाही. कप्तान आला तेव्हा जमिनीवर नुसती कापडं आणि दोऱ्यांचा ढीग होता. पद्माक्कांनी त्याला दारातच गाठलं, काय सांगितलं ते त्याच जाणोत. चेन्नईच्या बायकांनी एक क्रोशाची टोपी त्याच्या डोक्यावर चढवली आणि त्यानं ती घालून सगळ्यांसोबत फोटो काढला. बाई फोटोत नाहीत. त्या कोपऱ्यात बसून सदऱ्यावरची सुईची भोकं नखानं घासून बुजवत होत्या. मी विचारलं, दिसतील का हो? म्हणाल्या, "जुनं कापड भोक धरत नाही. नव्याला डाग राहतो." जेवायला मात्र आल्या. दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

मुंबईत बंदराबाहेर पडल्याबरोबर समोरच्या एसटीडी बूथमध्ये त्या शिरल्या. आम्ही सगळ्या जणी सामानासकट बाहेर फुटपाथवर, बंगळुरूच्यासुद्धा, मिसेस रावसुद्धा. काचेतून बाईंची पाठ दिसत होती. मग ती पाठ भिंतीला टेकली. बाहेर आल्या तेव्हा पद्माक्कांनी त्यांचे हात धरले. "दवाखान्यात ठेवलंय," बाई म्हणाल्या. "चार दिवस झाले. बीपी चढलंय. टाका धरून हाय. बाळाचं ठोकं चांगलं हाय." आणि मग, पहिल्यांदाच, आमच्यापुढे रडल्या. तिथंच, गाठोड्यांवर बसून, रस्त्यावरची माणसं बघत असताना. आम्हीही रडलो. मला त्याची आज लाज वाटत नाही.

हैदराबादला आल्यावर तिकीट अलीकडे ओढून घेतलं आणि बाई आठवड्यात निघाल्या. नंतर एका शनिवारी पद्माक्कांच्या दुकानात फोन आला. बाईंनी आमच्या वर्गाची वेळ बघून लावला होता, आणि वर्ग बाईंशिवाय आता दुकानातच भरायचा. मुलगी झाली होती, दिवसांच्या थोडी आधी, वजन कमी पण आवाज मोठा. पद्माक्कांनी पहिलं विचारलं, "टीचरगारू, सुई लगाए?" बाई म्हणाल्या, लगाई, आज सुबे, उसका रोना सुनते सुनते. मला फोनवर म्हणाल्या, "डॉक्टरचा टाका चांगला हाय, अंजू. मी बघितला असता तर पास केला असता." उसवण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. नातीला सांभाळायला त्या तिकडेच राहिल्या आणि काही वर्षांनी तिकडेच गेल्या. माझी-त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

म्हणून त्यांचं शेवटचं दर्शन म्हटलं की मला बेगमपेटचा विमानतळ आठवतो. मी आणि पद्माक्का सोडायला गेलो होतो. मोठी बॅग लोणची, मेतकुटानं जड झालेली, ती ट्रॉलीवर. बोचकं मात्र बाईंनी बॅगेत घालू दिलं नाही. सुजाता अजून दवाखान्यातच होती आणि सकाळच्या फोनवर जावई नीट बोलला नव्हता. आत जायच्या दारावर एक तरुण पोलीस तिकिटं बघत होता. त्यानं बाईंच्या छातीशी धरलेल्या बोचक्याकडे बोट केलं.

"अम्मा, इसमें क्या है?"

उत्तराला कधी न अडणाऱ्या बाई अडल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोचक्याकडे.

"अब्बी कुछ नै है, बेटा," त्या म्हणाल्या.

पोलिसानं वरून हातानं दाबून पाहिलं. सगळीकडून मऊ होतं. त्यानं जा म्हणून खूण केली. ट्रॉली ढकलायला हमाल पुढे झाला, तेव्हा बाईंनी ते बोचकं एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं, एक तळवा खालून आणि दुसरा वरच्या टोकाला आधार देत, आणि सावकाश आत गेल्या.